दोन मोतीबागा

आगगाडींतली आग विझून आतां पाव शतक लोटलें. ब्रॉड-गेजच्या रुंद रुळांवर वाफेच्या इंजिनाची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजीं पंजाबांत, जालंदर व फिरोजपूर यांच्या दरम्यान धांवली. मीटर-गेजवर उरलींसुरलीं इंजिनें त्या शतकाबरोबरच संपलीं. डोंगरांतल्या एकदोन हौशी लहान गाड्या सोडल्या, तर आज या देशांतली एकही आगगाडी आगीवर चालत नाहीं. तरी शब्द मात्र जिवंत आहे. आगबोट बंदरांतून नाहींशी झाली, आगपेटी अजून घरोघर आहे, आणि आगगाडी या दोहोंच्या मध्यें कोठें तरी, नांवापुरती उरलेली आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस 'वंदे भारत' नांवाची विजेची गाडी सुरू झाली. तिच्यांत निखारा नाहीं, धूर नाहीं, राख नाहीं. परंतु फलाटावर नातवाचा हात धरून उभी असलेली आजी तिलाहि आगगाडीच म्हणते, आणि भाषेच्या दृष्टीनें तिचें कांहीं चुकत नाहीं.

हा शब्द घडविणाऱ्या पिढीनें परक्या वस्तूला घरचें नांव दिलें याचें कारण ती वस्तु तिला वाटते तितकी परकी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. एकवीस मैलांचा रस्ता, चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. गाडीला जोडलेल्या तीन इंजिनांचीं नांवें साहेब, सिंध आणि सुलतान. त्या तोफांच्या धुरांत ज्यांना कांहीं दिसलें असेल त्यांनीं एक मोठा, आडवा केलेला बंबच रुळांवरून जातांना पाहिला असें म्हटल्यास तें चूक होणार नाहीं. आपल्या न्हाणीघरांतला तांब्याचा बंब ज्यांनीं पेटविला आहे त्यांस आगगाडीचें इंजिन निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. मधोमध नळी, नळींत विस्तव, नळीच्या सभोंवतीं पाणी. विस्तवाची ऊब बाहेर वाया न जातां पाण्यांत उतरावी एवढीच युक्ति. इंजिनाच्या बॉयलरांत ती नळी आडवी होते आणि एकीच्या जागीं अनेक होतात. स्टीफन्सनच्या १८२९ च्या 'रॉकेट' इंजिनांत तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या, आणि त्याच्या यशाचें एक मोठें रहस्य त्या नळ्यांत होतें. दुसरें रहस्य धुराड्यांत. सिलिंडरांत काम करून थकलेली वाफ बाहेर फेंकावयाची ती धुराड्यांतून फेंकावयाची. ती जातांना भट्टींतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते आणि त्याच्या जागीं ताजी हवा निखाऱ्यांवर येते. म्हणजे इंजिन जितकें अधिक कष्ट करील तितकी त्याची आग अधिक फुलते. लहानपणीं आपण जो 'फक् फक्' असा आवाज तोंडानें काढीत असूं तो या श्वासाचा आवाज होता.

साहेब, सिंध आणि सुलतान या तिघांपैकीं एकहि आज उरलेलें नाहीं. त्या पिढीला यंत्रें जपून ठेवण्याची वस्तु वाटत नव्हती. यंत्र झिजलें कीं तें वितळवावें आणि त्याचें दुसरें कांहीं करावें, हाच रोकडा व्यवहार. जतनाची बुद्धि फार उशिरां सुचली. दिल्लीच्या चाणक्यपुरींत १ फेब्रुवारी १९७७ रोजीं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलें, तेव्हां उघड्या आकाशाखालीं, हिरवळीच्या मध्यें रुळांचे तुकडे टाकून त्यांवर जुनीं इंजिनें उभीं करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. पुढें ठिकठिकाणच्या स्टेशनांसमोर आणि कारखान्यांच्या दारांत एकेक इंजिन चौथऱ्यावर चढलें. भोंवतीं मेंदीचें कुंपण, कडेनें चुना लावलेल्या विटा, आणि 'फुलें तोडूं नयेत' अशी पाटी. राख, तेल आणि कोळसा यांत जन्म काढलेल्या प्राण्याला म्हातारपणीं बागेंत कां नेऊन बसवितात, असा प्रश्न मला बरेच दिवस पडत होता. त्याचें उत्तर शोधतांना प्रथम जालना आठवलें, कारण तेथें बाग आधींची आहे आणि इंजिन मागून आलेलें.

जालन्याच्या मोतीतलावाचें आणि त्याच्या कांठच्या मोतीबागेचें नांव मराठवाड्यांत सर्वांस ठाऊक आहे. हा तलाव जमशेदखान नांवाच्या सुभेदारानें निजामशाहींत बांधला, आणि त्याचें पाणी जमिनीखालच्या नळांनीं गांवांतल्या हौदांपर्यंत नेलें. येथें वाचकांनीं दोन निजामांचा घोटाळा करूं नये. तलाव बांधला तो अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानींत; आगगाडी आणली ती हैदराबादच्या निजामानें, तीनशें वर्षांनीं. एकाच्या कारकिर्दींत पाणी आलें आणि दुसऱ्याच्या कारकिर्दींत त्या पाण्याची वाफ करणारें यंत्र. मधल्या काळांत मोंगल आले, मराठे आले, १७२५ त कुंडलिकेच्या कांठीं मस्तगड उभा राहिला, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं याच जिल्ह्यांतल्या असई गांवाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलस्लीपुढें हरल्या. तलाव हें सारें पाहत राहिला.

दख्खनच्या त्या काळच्या बागा आपण फुलांच्या जागा समजतों. वस्तुतः त्या पाण्याच्या यंत्रशाळा होत्या. शेजारच्या खडकी गांवीं, म्हणजे पुढें औरंगाबाद झालेल्या व आतां छत्रपती संभाजीनगर हें नांव धारण करणाऱ्या शहरांत, मलिक अंबरानें जो नहर आणला त्याचें काम पाहावें. डोंगराच्या पायथ्याशीं झिरपणारें पाणी भूमिगत पाटानें आणावयाचें, खापरी नळांतून खेळवावयाचें, आणि मधून मधून उंच मनोरे बांधून नळांत कोंडलेली हवा व पाण्याचा दाब मोकळा करावयाचा. कारंजें हें त्या हिशोबाचें शेवटचें अक्षर. पाणी उंचावरून आलें असेल तरच तें उंच उडेल, आणि किती उडेल हें माळ्याच्या हातीं नसून मैलभर पलीकडल्या बांधकाम करणाऱ्याच्या हातीं असतें. याच शहरांतली पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें अधिक पटेल: समोर शोभेचा हौद, हौदांत कारंजीं, कडेला वडाची सावली, आणि त्याच पाण्याच्या लोटाखालीं जातें फिरून दर्ग्याच्या यात्रेकरूंसाठीं पीठ निघत असे. तेथें यंत्र कोठें संपतें आणि बाग कोठें सुरू होते हें सांगतां येत नाहीं. बांधणाऱ्याला तो भेद सुचलाहि नसेल.

युरोपांतहि गोष्ट फारशी निराळी नाहीं. वाफेचें इंजिन जन्माला आलें तें गाडी ओढण्यासाठीं नव्हे, पाणी उपसण्यासाठीं. न्यूकोमेनचें १७१२ चें इंजिन कोळशाच्या खाणींतलें पाणी काढीत असे. रूळ आणि चाकें यांच्याशीं त्याची गांठ पडावयास पुढें जवळ जवळ शतक लागलें. प्रशियाच्या फ्रेडरिक राजानें पॉट्सडॅम येथील आपल्या सां-सूसी बागेंत कारंजीं उडवावीं म्हणून पवनचक्क्या, नळ, टांक्या असा पुष्कळ खर्च केला, आणि त्याच्या हयातींत कारंजें कांहीं धड उडलें नाहीं. तें उडालें त्याच्या मागून, १८४१ ते १८४३ या काळांत बांधलेल्या पंपघरांत बोर्सिंगच्या कारखान्याचें वाफेचें इंजिन बसविल्यावर. गमत अशी, कीं राजाच्या बागेंत धुराडें दिसणें बरें नव्हे म्हणून शिल्पकारानें सबंध पंपघर मशिदीच्या आकाराचें बांधलें आणि धुराडें मिनारांत लपविलें. ती इमारत आजहि उभी आहे. आपल्याकडे मशिदीच्या हौदासाठीं तलाव बांधला जात होता. तिकडे कारंज्याच्या इंजिनासाठीं मशीद. कोणी कोणाची नक्कल केली हा वाद येथें नको.

आमच्या मराठी राजांनींहि इंजिनाला बागेंतून आंत घेतलें. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं १८६२ सालीं डभोई ते मियागाम असे अरुंद रूळ टाकले. पण त्यांवर ओढावयास बैल होते, इंजिनें १८७३ त आलीं. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची कथा याहून मजेची. राजवाड्याच्या आवारांत फिरण्यासाठीं म्हणून दोन फूट मापाची एक खेळगाडी घातली गेली. महाराज स्वतः इंजिन हांकीत. जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढून फिरणारी त्यांची चांदीची छोटी गाडी जयविलास राजवाड्यांत अजून दाखवितात. पण हौस तेवढ्यावर थांबली नाहीं. १८९९ पासून तेच दोन फुटी रूळ वाड्याच्या भिंती ओलांडून भिंड, शिवपुरी व पुढें शेवपूरपर्यंत गेले, आणि बागेंतलें खेळणें शंभर वर्षांहून अधिक काळ चंबळच्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांचें वाहन झालें. तें २०२० च्या सुमारास बंद पडलें. राजेलोकांच्या छंदांपैकीं प्रजेच्या उपयोगीं पडलेले छंद थोडे. हा त्यांपैकीं एक.

जालन्यास इंजिन आलें तें असें खेळत आलें नाहीं. निजामच्या हमीच्या रेल्वे कंपनीचें भांडवल विलायतेंत उभें राहिलें. त्यावर ठराविक व्याज देण्याची हमी संस्थानच्या तिजोरीनें घेतली. या व्यवहाराची चौकशी व्हावी असें म्हणणारे लोक हैदराबादेंत होते. १८८३ सालीं चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध आवाज उठविल्याबद्दल सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांस संस्थानाबाहेर घालविण्यांत आलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. पुढें हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वे या नांवानें सिकंदराबादेहून मनमाडपर्यंत मीटर-गेजचा फांटा निघाला व १९०० च्या सुमारास तो जालन्यावरून वाहूं लागला. साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण १८९९-१९०० हा दख्खनच्या आठवणींतला अत्यंत भयंकर दुष्काळ. रूळ आले आणि पाठोपाठ कारखाने आले. १९०१ च्या सुमारास एकट्या जालन्यांत सरकी काढण्याच्या ९ जिना आणि गासड्या दाबण्याच्या ५ प्रेसा होत्या. अशा कारखान्यांची त्या काळची शक्ति वाफेचीच. म्हणजे स्टेशनांत एक धुराडें आणि गांवांत चौदा. गासड्या मीटर-गेजनें मनमाडला जात, तेथें माप बदलत असल्यामुळें हमालांच्या पाठीवरून ब्रॉड-गेजच्या वाघिणींत चढत, आणि मुंबईच्या गोद्यांकडे रवाना होत. मेयो साहेबाच्या कारकिर्दींत काटकसरीसाठीं पत्करलेल्या त्या एक मीटर मापाची किंमत मनमाडच्या हमालांनीं पाऊण शतकाहून अधिक काळ पाठीनें भरली.

१९३० सालीं ही रेल्वे संस्थाननें विकत घेतली, १९५१ त ती मध्य रेल्वेंत गेली, १९६६ त दक्षिण-मध्य रेल्वेंत आली. पूर्णेची लोको शेड ही या मार्गावरच्या इंजिनांची पागा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रूळ रुंद झाले. तेव्हां अरुंद रूळ उखडले गेले आणि त्यांवरचीं इंजिनें निरुपयोगी ठरलीं. मीटर-गेजचें इंजिन ब्रॉड-गेजवर चालत नाहीं. त्याला जाण्यास जागाच उरत नाहीं. जालन्याच्या स्टेशनावरून नव्वद वर्षें जीं गेलीं-आलीं त्यांचें पुढें काय झालें? बहुतेकांचें जें होतें तेंच. भंगार म्हणून लिलाव. आणि येथें इतिहासानें एक विलक्षण कोटी केलेली आहे. आजचें जालना मोसंबीसाठीं आणि बियाण्यांसाठीं जसें प्रसिद्ध आहे तसेंच तें लोखंडी सळयांसाठींहि प्रसिद्ध आहे. आणि त्या सळया होतात भंगार वितळवून. कोणतें इंजिन कोणत्या गांवच्या भट्टींत गेलें याची नोंद सळईवर राहत नाहीं. परंतु मराठवाड्यांतल्या एखाद्या नव्या घराच्या स्लॅबमध्यें जुन्या इंजिनाचा दांडा झोंपलेला नसेलच, असें कोणीं शपथेवर सांगूं नये.

म्हणून उघड्यावरचीं इंजिनें पाहावयाचीं तर नागपुरास जावें लागतें. आणि योगायोग असा, कीं तेथेंहि जागेचें नांव मोतीबागच. भोसल्यांच्या त्या शहरांत महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी अशीं बागांचीं नांवें पावलोपावलीं भेटतात, आणि बाग गेली तरी नांव टिकतें. मोतीबागेंत रेल्वेची कर्मशाळा झाली, अडीच फुटी नॅरो-गेजच्या गाड्या तेथें दुरुस्तीस येऊं लागल्या. आणि २००२ सालीं तेथेंच नॅरो-गेजचें संग्रहालय उघडलें. म्हणजे बागेचा कारखाना झाला आणि कारखान्याची पुन्हां बाग. मीं तें पाहिलें तेव्हां शाळांना सुटी होती. झाडांच्या सावलींत जुनें इंजिन, डबे आणि यारी उभीं; हिरवळीवर डबे उघडून बसलेलीं कुटुंबें; आणि मुलांनीं भरलेली एक खेळगाडी त्या सर्वांना वळसा घालून जात होती. मोठ्या गाड्या स्थिर आणि खेळण्यांतली गाडी चालती, हें दृश्य पाहून ग्वाल्हेरची गोष्ट कोणीं तरी उलटी सांगत आहे असें वाटलें.

या संग्रहालयाचें महत्त्व त्या वेळीं असावें त्यापेक्षां आतां अधिक झालें आहे. तें उघडलें तेव्हां सातपुड्यांतल्या नॅरो-गेज गाड्या अजून चालत होत्या. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा, बंगाल-नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या आरंभीं घातलेला अरुंद मार्ग जंगलांतून हळू हळू जात होता. गेल्या कांहीं वर्षांत ते सारे मार्ग रुंद झाले, आणि २०१९ त नागपूर-नागभीडची गाडीहि थांबली. ज्यांचें जतन जिवंतपणीं झालें अशा थोड्या वस्तूंत नागपूरची नॅरो-गेज मोडते. जालन्याच्या मीटर-गेजला तें भाग्य लाभलें नाहीं.

तरी तक्रारीला जागा आहे, आणि ती फक्त मोतीबागेविषयीं नाहीं. अशा सर्वच बागांतलीं इंजिनें फार स्वच्छ असतात. काळा रंग चकचकीत, पितळ घांसलेलें, चाकांच्या कडा पांढऱ्या, आणि पाटीवर बनावटीचें साल, कारखान्याचें नांव, वजन. ज्या माणसांनीं तें चालविलें त्यांचा पत्ता नाहीं. ड्रायव्हर एका हातानें रेग्युलेटर धरून कडेला डोकें बाहेर काढी, तेव्हां त्याची एक बाजू वाऱ्यानें गारठे आणि दुसरी भट्टीनें भाजे. फायरमनाला फावड्यानें कोळसा टाकतांना तो कोठें टाकावा याचें शास्त्र असे. भट्टींत सर्वत्र सारखा थर बसला पाहिजे, मध्यें ढीग झाला कीं वाफ पडली. राखेच्या खड्ड्यांत उतरणारा खलाशी, रात्रीं कंदील घेऊन रूळ तपासणारा गँगमन, सांधे फिरविणारा, मनमाडचा तो हमाल, यांच्यासाठीं हिरवळीवर एखादी पाटी लावावयास खर्च कितीसा येतो? वाफेच्या इंजिनाचें वैशिष्ट्य हेंच, कीं तें माणसावांचून तासभरहि जिवंत राहत नाहीं. विजेच्या इंजिनाची कळ बंद करून माणूस घरीं जातो. बॉयलराला विझूं द्यावयाचें नसेल तर कोणाला तरी रात्रभर जागावें लागे. न्हाणीघरांतला बंब ज्यांनीं पहांटे उठून पेटविला त्या घरच्या बायकांना हें सांगावयास नको. त्यांच्याहि नांवाची पाटी कोठें नाहीं.

जालन्यांत मोतीतलावाच्या कांठीं एक मीटर-गेजचें इंजिन आणून ठेवावें, अशी इच्छा व्यक्त केली तर कोणी तिला हौस म्हणेल, आणि लगेच विचारील, कीं बागेला पाणी कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यानें जें सोसलें तें ज्यांनीं पाहिलें ते कारंज्याची गोष्ट काढण्यापूर्वी दोनदां विचार करतील. निजामाच्या काळांत घाणेवाडीस बांधलेला तलाव गाळानें भरला होता तो गांवच्या लोकांनीं पुढाकार घेऊन उपसावयास लावला, हें जालन्याच्या अलीकडल्या इतिहासांतलें मोठें काम, आणि कोणत्याहि इंजिनापेक्षां तें आधीं. पण पाणी आणि इंजिन यांचा संबंध या भागांत जितका जवळचा आहे तितका क्वचितच कोठें असेल. वाफेचें इंजिन कोळशाविना जसें अडे तसेंच पाण्याविनाहि अडे; स्टेशनांतला पाण्याचा नळखांब हा सिग्नलाइतकाच महत्त्वाचा, आणि विहीर आटली कीं आगगाडीचेंहि तोंड सुके. तलाव, हौद, नळ, मनोरा, टांकी, नळखांब ही एकच परंपरा आहे. जमशेदखानाच्या मागून आलेल्या कोणत्याहि रेल्वे इंजिनिअरला जालन्यांत पहिला प्रश्न तोच पडला असणार जो जमशेदखानाला पडला होता.

१८९७ सालीं एव्हरर्ड कॅलथ्रॉप याच्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. पुढें त्याचा एक फांटा १९११ त निजामच्या मुलखांत लातूरपर्यंत गेला व दुसरा पंढरपुरावरून १९२७ त मिरजेस पोंचला. लीड्सच्या किट्सन कारखान्याचीं त्याचीं इंजिनें लहान असूनहि बळकट होतीं. १९५४ त सरकारनें ती रेल्वे विकत घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास तो मार्ग रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरांत पिण्यास पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून कृष्णेचें पाणी घेऊन एक गाडी निघाली: दहा टांक्या, पांच लाख लिटर. १२ एप्रिलला ती लातुरांत पोंचली. पुढें टांक्यांची संख्या पन्नास झाली आणि फेऱ्या अनेक आठवडे चालल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी सुमारें साडेतीनशें किलोमीटरांची ती वाट बार्शी लाइटचीच होती. तिच्यावरून जाणारीं किट्सनचीं छोटीं इंजिनें एके काळीं दर कांहीं कोसांवर थांबून वाटेंतल्या विहिरींचें पाणी पीत असत.